एका इंग्रजी शब्दाचे वडील

आमच्या पेठेच्या चौकात, तालमीच्या दर्शनी भिंतीवर, सिमेंटचा एक काळा फळा आहे. वर्तमानपत्र घरोघर पोहोचण्यापूर्वी पेठ हा फळा वाचते. कोण वारले, रक्षाविसर्जन किती वाजता आहे, नळाला पाणी कोणत्या वारी येणार नाही, फुटबॉलच्या सामन्यात आपण कोणाला हरवले, आणि आपण हरलो असल्यास पंच कोणत्या पेठेचा होता, ही माहिती त्याच्या खालच्या अर्ध्या भागात असते. वरचा अर्धा भाग टोमण्यासाठी राखीव असतो. टोमण्यात नाव लिहिण्याची पद्धत नाही. ‘काहींनी वर्गणी देताना हात आखडला, मिरवणुकीत मात्र तेच हात सर्वांत वर होते’ एवढेच लिहायचे. तो हात कोणाचा, हे पेठ दुपारपर्यंत शोधून काढते. शोध लागला नाही असे आजवर घडलेले नाही. कधी कधी एकाच टोमण्याचे दोन-तीन मालक निघतात आणि प्रत्येक जण तो आपल्यालाच होता म्हणून भांडतो.

ही पद्धत आधी सांगणे आवश्यक आहे, कारण पुढे जे घडले ते तिच्यामुळे घडले.

मी पॉलिटेक्निकमधून यंत्र शाखेची पदविका घेतली आणि उद्यमनगरातील एका फाउंड्रीत नकाशांच्या विभागात नोकरी करून निवृत्त झालो. नकाशावर माप लिहिताना एकाच जाडीची, सरळ आणि कोणालाही वाचता येतील अशी अक्षरे काढावी लागतात. त्या वळणामुळे फळा लिहिण्याचे काम तालमीच्या मंडळाने माझ्याकडे सोपवले. मजकूर मंडळाचा, अक्षर माझे, अशी विभागणी होती आणि ती उत्तम चालली होती. दोन हजार साली महापालिकेची निवडणूक आली तेव्हा ती बिघडली.

मंडळाचे अध्यक्ष बाळासो हिरुगडे याआधी दोनदा उभे राहून दोनदा पडले होते. तिसऱ्यांदा पडलेल्या माणसाला आमच्याकडे पुन्हा कोणी उभे करत नाही. त्याला फक्त इतरांच्या गळ्यात हार घालायला बोलावतात. बाळासोंना हे ठाऊक होते. त्यांच्या पत्नीनेही ही शेवटची खेप असल्याचे देवासमोर उभे करून वदवून घेतले होते. त्यात विरोधात धैर्यशील नावाचा तरुण उभा राहणार हे नक्की झाले. तो पुण्याला शिकून आला होता, गॉगल डोक्यावर लावत असे, आणि पहिल्याच कोपरासभेत त्याने विचारले होते की, उद्या जागतिक बँकेचे लोक गटारी बघायला आले तर त्यांच्याशी इंग्रजीत कोण बोलणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळासो माझ्या घरी आले.

“अण्णा, त्यो धैर्यशील काय बोलला ऐकलासा?”

“ऐकलं. पण जागतिक बँक गटारी बघायला येत नाही.”

“येऊ न्हायतर न येऊ. पेठंला वाटाय लागलंय की येणार. आता आपल्या फळ्यावर रोज एक इंग्रजी शबुद पायजे. साधा न्हाय, जबर. त्या धैर्यशीलला बी ठावं नसंल असा. खाली अर्थ, आणि त्यो कुठनं आला ते. आणि त्याच्या खाली माझं नाव.”

माझ्याकडे एक जाडजूड इंग्रजी शब्दकोश आहे. त्यात प्रत्येक शब्दाखाली त्याचे कूळ दिलेले असते: कोणत्या भाषेतून निघाला, वाटेत कोणकोणत्या देशांत थांबला, आणि येताना अर्थ कसा बदलला. निवृत्तीनंतर मी तो रोज थोडा वाचत असे. यंत्राचा सुटा भाग पाहून मूळ यंत्र ओळखण्याचा जो आनंद असतो, तोच यात आहे. त्यामुळे बाळासोंची सूचना मला मनापासून आवडली. मात्र मी तीन अटी घातल्या. शब्द एबीसीडीच्या क्रमाने येतील. कोशात आहे तेवढेच लिहिले जाईल. आणि कोणताही शब्द कोणावरही रोखलेला नसेल.

“मान्य,” बाळासो म्हणाले. तिसऱ्या अटीचा अर्थ त्यांना त्या वेळी लागला नसावा. मलाही तो पुरता लागलेला नव्हता.

पहिला शब्द होता ‘ऍग्लेट’. बुटाच्या नाडीच्या टोकाला जी छोटी नळी असते, तिचे नाव. मूळ लॅटिन, सुई या अर्थाच्या शब्दापासून. ज्या चौकात बहुतेक पायांत चपला असतात आणि नाडीचा प्रश्नच येत नाही, तिथे हा शब्द निरुपद्रवी ठरेल अशी माझी समजूत होती. दुपारी दूध आणायला गेलो तेव्हा कट्ट्यावरून आवाज आला, “अण्णा, बरोब्बर हाणलासा.”

“कोणाला?”

“आता आमच्याकडनं वदवून घेतायसा व्हय? पेठंत बूट कोण घालतंय?”

पेठेत बूट धैर्यशील घालत होता.

‘बी’मधील ‘बेलवेदर’ या शब्दाने प्रकरण वाढले. कळपाच्या पुढे चालणाऱ्या खच्ची केलेल्या मेंढ्याच्या गळ्यात घंटा बांधत, आणि घंटेमागे कळप चालत असे. त्यावरून, ज्याच्या मागे इतर जातात तो. मी कोशातील मजकूर जसाच्या तसा मराठीत आणला. ‘खच्ची’ हा शब्द गाळावा असे आमच्या सौ. रत्नव्वाने सुचवले होते. परंतु मेंढ्याच्या बाबतीत तो तपशील मूळ शब्दातच आहे, आणि नकाशातील एखादे माप आवडत नाही म्हणून गाळता येत नाही. संध्याकाळी धैर्यशील स्वतः आला. त्याने गॉगल डोक्यावरून काढून हातात घेतला, म्हणजे प्रसंग गंभीर होता.

“अंकल, घंटेचं समजलं. माझ्या गाडीचा हॉर्न मोठा आहे, मान्य. पण दुसरं जे लिहिलंय, त्याला पुरावा काय?”

मी त्याला कोश उघडून दाखवला. त्याने ते पान वाचले, आणि तो कोश कोणी छापला याची चौकशी करून गेला.

बाळासो मात्र खुशीत होते. फळ्यासमोर सकाळी गर्दी होऊ लागली होती. शेजारच्या पेठेचे लोक सायकली थांबवून शब्द उतरवून घेत. ‘सी’ सुरू झाल्यावर मी ‘कॅन्डिडेट’ लिहिला. शब्द नेहमीचाच, परंतु त्याचे मूळ फारसे कोणाला ठाऊक नसते: प्राचीन रोममध्ये पद मागणारा मनुष्य खडू घासून शुभ्र केलेले वस्त्र नेसून लोकांत हिंडत असे, आणि लॅटिनमध्ये ‘कॅन्डिडस’ म्हणजे शुभ्र. बाळासो तेव्हा नुकतेच लाँड्रीतून आणलेल्या पांढऱ्या कपड्यांत फळ्यासमोर उभे होते. लोक हसले. बाळासोंनी स्वतःच्या बाहीकडे पाहिले.

“रोममध्ये बी असंच हुतं व्हय? मग आमी बरोबर हाय.” आणि त्यांनी आणखी दोन जोड शिवायला टाकले.

त्यानंतर आला ‘कर्मजन’.

अर्थ: चिडखोर, तुसडा मनुष्य, बहुधा वयस्क. आणि खाली, कोशात होते तेच दोन शब्द मी ठळक अक्षरांत लिहिले: ‘व्युत्पत्ती अज्ञात’.

चौकात फळ्यासमोरच आकाराम बुचडे बसतात. त्यांना सगळे तात्या म्हणतात. त्यांचा म्हशींचा गोठा आहे, आणि धार काढून झाली की उरलेला दिवस ते कट्ट्यावर बसून जगाला शिस्त लावतात. सायकल आडवी लावली तर ते रागावतात, उभी लावली तर विचारतात की आडवी लावायला काय झाले होते. फळ्याचा अर्थ पेठेने किती वेळात लावला, याची नोंद मी केलेली नाही. खडूची पेटी बंद करून मी वळलो, तेव्हा सगळे तात्यांकडे पाहत होते.

“वाच रं, काय लिवलंय,” तात्या म्हणाले. त्यांचा चष्मा घरी होता. कोणीतरी वाचून दाखवले.

“चिडखोर. बरं. तुसडा. बरं,” तात्या शांतपणे म्हणाले. “त्ये खरं हाय, त्यात काय बोलायचं न्हाय. म्हातारा, त्ये बी हाय. आता खालचं वाच.”

“व्युत्पत्ती अज्ञात.”

“म्हंजे?”

एकाने समजावले, “म्हणजे तात्या, कुणापासनं झाला त्ये म्हाईत न्हाय.”

तात्या उठून उभे राहिले. ते उठतात तेव्हा चौकात गप्प होण्याची रीत आहे.

“अण्णासो, माझ्या बापाचं नाव केरबा. ह्या तालमीचा पाया खणताना पयली कुदळ त्येनं मारली. आणि त्याच तालमीच्या भिंतीवर तुमी लिवताय, म्हाताऱ्याचा बाप म्हाईत न्हाय.”

“तात्या, हे शब्दाबद्दल आहे.”

“शबुद कुणाबद्दल हाय?”

“कोणाबद्दलही नाही.”

“कोणाबद्दल न्हाय, तर फळ्यावर कशाला?”

आमच्या पेठेच्या नियमाने ते बरोबर बोलत होते.

मला वाटले, संध्याकाळपर्यंत राग उतरेल. तो दुसऱ्या दिवशी निवडणूक कार्यालयात पोहोचला. तात्यांनी अपक्ष म्हणून अर्ज भरला. त्यांना निवडून यायचे नव्हते. ते त्यांनी सगळ्यांना स्पष्ट सांगितले. मतपत्रिकेवर उमेदवाराचे नाव वडिलांच्या नावासकट छापतात, एवढेच त्यांना हवे होते. ‘आकाराम केरबा बुचडे’ हे सरकारने छापावे, घरोघर पोहोचावे, आणि अण्णासोने त्यावर शिक्का मारावा, अशी त्यांची इच्छा होती.

बाळासोंच्या पायाखालची जमीन सरकली. बुचड्यांची भावकी पेठेत सर्वांत मोठी, आणि तिची मते आजवर बाळासोंचीच असत. ती वजा केली तर बाळासो तिसऱ्यांदा पडणार, हे सांगायला गणित लागत नव्हते. ते त्याच दिवशी तात्यांच्या गोठ्यावर गेले आणि तिथून थेट माझ्याकडे आले. त्यांच्या पांढऱ्या धोतराला शेण लागलेले होते.

“तात्या अर्ज काढायला तयार हाय, अण्णा. फकस्त एक म्हणणं हाय. त्या शब्दाचा बाप कोण, त्ये फळ्यावर लिवा.”

“कोशातच नाही. मी कसं लिहू?”

“एखादा घाला की. लॅटिन घाला. रोज लॅटिन लॅटिन करताय, आजच काय संपलं?”

“बाळासो, पॉलिटेक्निकमध्ये आम्हाला एक नियम होता. जे माप घेतलेलं नाही, ते नकाशावर लिहायचं नाही. तिथं प्रश्नचिन्ह काढायचं. अंदाजानं लिहिलं तर त्या मापाचा भाग तयार होतो, आणि तो कुठंच बसत नाही.”

“माझी जागा गेली तर मी बी कुठं बसत न्हाय,” बाळासो म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला होता. “अण्णा, ह्यावेळी पडलो तर घरातनं बाहेर पडायचं त्वांड ऱ्हाणार न्हाय मला.”

मला त्यांचे वाईट वाटले. रात्री न झोपता विचार करावा असा तो प्रश्न नव्हता. तरी जेवताना मी पुन्हा कोश उघडला. बारीक टाइपात एक माहिती सापडली. दोन-अडीचशे वर्षांपूर्वी एका इंग्रज कोशकाराला कोणा अनोळखी माणसाने कळवले होते की, हा शब्द फ्रेंचमधील ‘दुष्ट हृदय’ या शब्दांवरून आला असावा. त्याने तसे छापले, आणि खाली ‘अज्ञात पत्रलेखक’ असा उल्लेख केला. त्यानंतरच्या दुसऱ्या कोशकाराला फ्रेंच येत नव्हते. त्याने हा मजकूर उचलताना पहिल्या फ्रेंच शब्दाचा अर्थ ‘अज्ञात’ आणि दुसऱ्याचा अर्थ ‘पत्रलेखक’ असा छापून टाकला. पुढच्या विद्वानांनी दोघांचेही म्हणणे नाकारले. हे सारे नोंदलेले होते, म्हणून लिहिण्यास हरकत नव्हती. मी दुसऱ्या दिवशी फळ्यावर प्रामाणिकपणे लिहिले: ‘एका अज्ञात व्यक्तीच्या मते, फ्रेंच: दुष्ट हृदय. हे मत आता मान्य नाही.’

रत्नव्वा निपाणीकडची आहे. वैतागली की ती कानडीत जाते. फळा वाचून आल्यावर ती म्हणाली, “होगली बिडरी. आता जाऊ द्या. काल नुसता बाप नव्हता. आज बाप नाही, काळीज दुष्ट, आणि वर कुणीतरी नाव न सांगणारा माणूस चुगल्या करतोय.”

तात्यांनीही तोच अर्थ काढला होता. ते कट्ट्यावरून विचारत होते, “त्यो अज्ञात कोण, त्याला फुडं आणा. धैर्यशीलचा माणूस असणार.” धैर्यशीलने तातडीने खुलासा छापून वाटला की, आपला कोणत्याही अज्ञात व्यक्तीशी संबंध नाही. त्यामुळे तो धैर्यशीलच होता, याविषयी पेठेची खात्री पटली.

अर्ज मागे घेण्याच्या मुदतीला थोडे दिवस उरले होते. पौर्णिमा आली. रत्नव्वाच्या आग्रहावरून आम्ही नृसिंहवाडीला गेलो, संगमावर स्नान केले, मुक्काम केला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने परतलो. तोच मुदतीचा शेवटचा दिवस होता. दुपारी तीनपर्यंत अर्ज काढता येणार होता.

चौकात उतरलो तर फळ्याला झेंडूचा हार. फळ्यावरचे अक्षर माझे नव्हते. बाळासोंचा पुतण्या पिराजी बोर्ड रंगवण्याचे काम करतो. त्याने खडूऐवजी पांढरा ऑइलपेंट वापरला होता आणि अक्षरांना मागून लाल सावली दिली होती. मजकूर असा होता:

‘कर्मजन. अर्थ: करारी, स्पष्टवक्ता, वडीलधारा पुरुष. व्युत्पत्ती: आपल्या पेठेतील कै. कर्माजी बुचडे यांनी रस्त्यातून म्हैस बाजूला घेण्यास इंग्रज साहेबास साफ नकार दिला. साहेबाने विलायतेत जाऊन हा शब्द काढला. संशोधक: अण्णासो. प्रेरणा: बाळासो हिरुगडे.’

मी पिराजीला गाठले. “हे काय लिहिलंस?”

“काकांनी सांगितलं तसं लिवलं. सावली मात्र माझ्या मनानं दिली.”

“कर्माजी नावाचं कोणी होतं का?”

“भावकीत इचारलं. म्हणाले, असणारच.”

बाळासो कट्ट्याजवळ मांडव घालून घेत होते. त्यांनी मला हात धरून बाजूला नेले. योजना सोपी होती. तात्यांचा भर चौकात सत्कार करायचा, फेटा बांधायचा, घराण्याची अब्रू परत आली असे जाहीर करायचे, आणि मग जीपमध्ये घालून त्यांना निवडणूक कार्यालयात न्यायचे. तात्यांनी शब्द दिला होता. सही करायला पेनही जीपमध्ये ठेवले होते.

“बाळासो, हा मजकूर खोटा आहे. खाली माझं नाव आहे.”

“तुमचा मान केला, अण्णा. उद्या पुसू की. तीन वाजूपर्यंत तेवढं कळ काढा.”

बाळासोंनी दुसऱ्या कोणाच्या गावी हे केले असते, तर कदाचित साधले असते. पण आमच्या पेठेत सत्कार आवरता घेण्याची पद्धत नाही. हलगी आली, मग ती तापवायला कागद जाळले. पहिला फेटा तात्यांच्या डोक्याला आखूड पडला. तो सोडून दुसरा आणला. मग भावकीतील वडीलधाऱ्यांनी बोलायचे ठरले. एकाला बोलू दिले आणि दुसऱ्याला दिले नाही, तर पुढच्या लग्नात त्याचे परिणाम दिसतात. म्हणून सगळे बोलले. प्रत्येकाला कर्माजींची नवी आठवण होती. पहिल्याच्या भाषणात साहेब घोड्यावरून उतरला. दुसऱ्याच्या भाषणात त्याने टोपी काढली. तिसऱ्याच्या भाषणात म्हशीने साहेबाकडे पाहिले, आणि साहेबाने स्वतःच शेतातून वाट काढली. बाळासो घड्याळाकडे पाहत होते, हसत होते, पुन्हा घड्याळाकडे पाहत होते. ‘आता पुरे’ म्हणण्याची त्यांची प्राज्ञा नव्हती. सत्कार थांबवणाऱ्या माणसाला पेठ मत देत नाही.

मग संशोधक म्हणून मला उभे केले, हातात नारळ दिला आणि समोर माइक धरला. मी ठरवले की, सत्य सांगण्याची हीच वेळ आहे.

“मित्रहो,” मी म्हणालो, “फळ्यावरील मजकूर माझा नाही. हा शब्द इंग्रजांच्या छापील पुस्तकांत सोळाव्या शतकात आढळतो. त्या वेळी त्यांची व्यापारी कंपनीसुद्धा स्थापन झालेली नव्हती. कोणताही साहेब तेव्हा कोल्हापुरात आलेला असणे शक्य नाही.”

मला वाटले, गोष्ट पोहोचली.

“म्हंजे,” भावकीतील एक जण सावकाश म्हणाला, “आमचं घराणं कंपनीच्या बी आधीचं.”

टाळ्या किती वेळ वाजल्या, ते सांगता येत नाही. माझ्या गळ्यात हार पडला. मी पुन्हा माइककडे हात केला. मराठीतून इंग्रजीत खरोखर गेलेला एक शब्द आहे, ‘मंगूज’, म्हणजे आपले मुंगूस. ‘एम’ येईपर्यंत थांबलात तर तो पुराव्यासकट लिहितो, असे मी सांगितले. मागून कोणीतरी विचारले, “मुंगूस कुणाच्या भावकीतलं?” कोणाच्याच नाही म्हटल्यावर त्यातील रस संपला. खरी व्युत्पत्ती निरुपयोगी ठरली, कारण तिच्यावर कोणाचा हक्क नव्हता.

शेवटी तात्या बोलायला उभे राहिले. बाळासोंनी जीप चालू करायला खूण केली. इंजिन सुरू झाले.

“मी शबुद दिलाय,” तात्या म्हणाले. “अर्ज काढणार. शबुदाचा बाप फळ्यावर आला, त्यो बी आमच्याच घराण्यातला. माझं काम झालं.” त्यांनी फेट्याला हात लावला. मग फळ्याकडे पाहिले. त्या दिवशी त्यांच्याजवळ चष्मा होता, आणि त्यांनी तो मजकूर प्रथमच स्वतः वाचला. त्यांना मराठी उत्तम वाचता येते. ते पुष्कळ वेळ वाचत राहिले.

“बाळ्या,” ते म्हणाले, “कर्माजीनं साहेबाला काय सांगितलं हुतं?”

“म्हस बाजूला घेणार न्हाय म्हणून, तात्या. चला, जीप थांबलीया.”

“साहेबासाठी त्यो बाजूला झाला न्हाय,” तात्या म्हणाले, “आणि मी तुज्यासाठी व्हायचं?”

हलगी सुरू झाली. ती कोणी सुरू केली ते कळले नाही. भावकीने तात्यांना खांद्यावर घेतले, आणि मिरवणूक जिकडे निवडणूक कार्यालय नाही तिकडे निघाली. जीप तीन वाजून गेल्यावरही चालूच होती. बाळासोंना ती बंद करायला सांगण्याचे भान राहिले नव्हते.

आकाराम केरबा बुचडे मोठ्या मताधिक्याने निवडून आले. धैर्यशील दुसरा आला. बाळासोंचा तपशील देण्यात अर्थ नाही.

नगरसेवक झाल्यावर तात्यांच्या स्वभावात फरक पडला नाही. फक्त आता ते महापालिकेतही बसून रागावतात. चौकाला ‘कै. कर्माजी बुचडे चौक’ असे नाव मिळाले आणि तात्यांच्याच हस्ते तालमीच्या भिंतीवर ग्रॅनाइटची पाटी बसली. पिराजीचा मजकूर तिच्यावर लाल सावलीसकट कोरलेला आहे. शाळेच्या सहली तिथे थांबतात. मुले वह्यांत उतरवून घेतात. मजकूर दगडात गेल्यामुळे फळ्यावर त्याची गरज उरली नाही. पिराजीने तो रॉकेलने पुसून फळा मला परत दिला. माझ्या कोशात त्या शब्दाखाली अजूनही ‘अज्ञात’ असेच आहे. त्या पानावर मी प्रश्नचिन्ह काढून ठेवले आहे.

फळा मोकळा झाला त्या संध्याकाळी बाळासो माझ्या घरी आले. बऱ्याच दिवसांनी आले होते. अंगात साधा चौकड्याचा शर्ट होता. रत्नव्वाने चहा ठेवला. त्यांनी तो निवेपर्यंत हातात धरला.

“आता कुठलं अक्षर, अण्णा?”

“डी.”

“शबुद?”

“डीफेनेस्ट्रेशन. माणसाला खिडकीतून बाहेर फेकणे. लॅटिन. ‘फेनेस्ट्रा’ म्हणजे खिडकी.”

बाळासोंनी खिडकीकडे पाहिले.

“ह्यो कुणावर हाय?”

“कोणावरही नाही. क्रमानं आला.”

“त्येच लिवा की खाली. कुणावर बी न्हाय म्हणून.” ते स्वतःशीच हसले, निवडणुकीनंतर पहिल्यांदाच. “पर मग वाचणार कोण?”

मी दुसऱ्या दिवशी सकाळी शब्द लिहिला, अर्थ लिहिला, व्युत्पत्ती लिहिली, आणि खाली एक जादा ओळ घातली: ‘हा शब्द कोणासही उद्देशून नाही.’ दुपारपर्यंत त्याचे तीन मालक निघाले. धैर्यशीलच्या संपर्क कार्यालयाच्या खिडकीला त्याच आठवड्यात गज बसले.